साडेसहा इंचांची ओळ

मोजणीदारांसमोर "जवळच", "लांब", "लई", "थोडंसं" असले शब्द वापरायची सोय नव्हती. स्टँड जवळच आहे, असं कुणी म्हणालं की त्यांचा प्रश्न यायचा, "किती?" भोरच्या एसटी स्टँडपासून त्यांच्या दारापर्यंत सहाशे बारा पावलं होती. पायात वहाण असेल तर सहाशे चार. वहाणेनं पाऊल लांब पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी दोन्ही बाजूंनी चालून ठरवलं होतं.

सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, तरी खांद्यावरची कापडी पिशवी सुटली नव्हती. पिशवीत टेप, दोन लोखंडी खुंट्या, खडू आणि एक वही. लोक एसटीवरून घड्याळ लावतात. मोजणीदार मात्र स्वतःचं घड्याळ दाखवून कंडक्टरला विचारायचे, "सात मिनिटं कुठं घालवली?" कंडक्टर हसून सोडून द्यायचा. ते सोडायचे नाहीत, वहीत लिहायचे.

माझा त्यांच्यावर राग आहे. ते वारले त्याला दोन वर्षं झाली, तरी आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी घडलं ते लिहितो, त्यातून चांगलं निघेल तेवढं निघू दे. त्यांनी एका खुनाच्या पंचनाम्यावर स्वतःच्या सहीखाली एक ओळ लिहून ठेवली. त्या ओळीमुळे आरोपी सुटू शकतो. ज्याचा मुलगा गेला तो बाप त्या ओळीच्या भीतीनं चार वर्षं झोपलेला नाही. आणि ती ओळ माझ्याबद्दल आहे. निकाल अजून यायचाय.

माझा धंदा क्रेनचा. वरव्याहून भोरला आलो तेव्हा हातात भावाचा जुना टेम्पो होता, आज दोन क्रेन आहेत. घाटात ट्रक उलटला, गाडी ओढ्यात गेली, की मला फोन येतो. शाळा आठवीपर्यंत झाली, पण समोरचा माणूस कुठवर वाकेल हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही, एक माणूस सोडून.

आमची ओळखच भांडणातून झाली. यार्डासाठी मी गावाबाहेर जागा घेतली, भिंत घातली, रंग दिला, आणि मग कर्जासाठी बँकेनं नकाशा मागितला म्हणून मोजणीदारांना बोलावलं. त्यांनी भर उन्हात टेप धरला, खुंटी ठोकली, पुन्हा मोजलं.

"भिंत दोन फूट एक इंच शेजारच्यात आहे," ते म्हणाले.

शेजाऱ्याला याचा पत्ता नव्हता. मी आवाज खाली आणला. "मोजणीदार, भिंत उभी आहे, रंग लागलाय. तुम्हाला काय पाहिजे ते बोला."

त्यांनी खरंच विचार केला. "सावली. पंचवीस मिनिटं उन्हात उभा आहे."

"तसं नाही. दोन फुटांचं एक फूट लिहा. बाकी मी बघतो."

"उरलेला एक फूट कुठं ठेवू?"

मी चिडलो. तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नकाशा लिहिला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला. बँकेतून तो कागद शेजाऱ्यापर्यंत कसा गेला ते देव जाणे, पण मला भिंत पाडावी लागली. नवी भिंत चालू असताना बाजारच्या दिवशी हेच महाशय यार्डात हजर. एका उलट्या टायरवर बसले आणि म्हणाले, "अर्धा कप चहा." अर्ध्याच्या वर एक घोट जास्त आला तर ते कप परत पाठवायचे. मी हाकललं नाही. का नाही हाकललं ते मला सांगता येणार नाही. पुढं प्रत्येक बाजाराला ते येत राहिले, मी शिव्या देत राहिलो आणि अर्धा कप मागवत राहिलो.

"डोळा वकील असतो," ते म्हणायचे. "टेप साक्षीदार. वकिलाचं ऐकावं, पण लिहावं साक्षीदाराचं."

आता पंचाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच अडकलं आहे. पोलिसांना पंचनाम्याला दोन पंच लागतात. रस्त्यावरचा माणूस तयार होत नाही, कारण आज सही केली की चार-पाच वर्षांनी कोर्टात तारखेला जावं लागतं. मग ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला धरतात. मला नाही म्हणता येत नव्हतं. घाटातल्या अपघाताचा फोन पोलिसांकडूनच यायचा, मी सही नाकारली असती तर फोन दुसऱ्या क्रेनवाल्याला गेला असता. म्हणून क्रेन लावली की मी आधी चार कोऱ्या कागदांच्या तळाला सह्या करायचो, जप्त मालावर चिकटवायच्या दोन लेबलांवर करायचो, आणि मोकळा व्हायचो. मजकूर ते मागाहून भरायचे. कधी काही बिघडलं नाही. ट्रक उलटलेला असायचा, तो उलटलेलाच लिहिला जायचा.

एकदा हवालदारांनी माझ्याबरोबर मोजणीदारांनाही पंच केलं. घाटात सिमेंटचा ट्रक कठड्याला धडकला होता. हवालदारांनी लिहिलं, "टायर घासल्याची खूण अंदाजे वीस पावले."

"कुणाची पावलं?" मोजणीदारांनी विचारलं.

"माणसाची, अजून कुणाची?"

"तुमची का माझी? तुमचं पाऊल आखूड आहे."

दोन्हीकडची वाहनं थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होते, आणि हा माणूस रस्त्यावर उकिडवा बसून खूण मोजत होता. बेचाळीस फूट आठ इंच भरली. कागद नव्यानं लिहावा लागला. हवालदारांनी परत येताना माझ्यापाशी शपथ घेतली की या माणसाला पुन्हा पंच म्हणून बोलावणार नाही.

त्यांनी ती पाळायला हवी होती.

चार वर्षांपूर्वीच्या थंडीत वेल्ह्याच्या वरच्या खोऱ्यात एका शेतकऱ्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा रस्त्याकडेला मेलेला सापडला. डोकं फुटलं होतं. तिथं एका मोठ्या आसामीचं प्लॉटिंग चालू होतं, पुण्याच्या लोकांसाठी फार्महाऊस. त्यानं ओढ्याकडं जाणारी गावाची वाट तार घालून बंद केली होती, आणि त्या मुलानं ती तार तीनदा काढली होती. हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. तरी पोलिसांनी पहिल्या दिवशी लिहिलं, अनोळखी वाहनाची धडक. गाव रस्त्यावर बसलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी कागदावर तो खून झाला. प्लॉटिंगवाल्याची जीप गायब होती. ती आधीच चोरीला गेली, अशी तक्रार त्यानं देऊन ठेवली होती. दहा दिवसांनी त्याला धरलं, आणि कोठडीतल्या तिसऱ्या दिवशी त्याच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं.

मग बाजारात दुसरा विषय राहिला नाही.

"कोठडीत गादी टाकलीया म्हणं त्याला."

"गादीचं काय घिऊन बसला, पंखाबी हाय."

"आन दवाखान्यात एशी. तितं बरूबर दुखायचं थांबलं."

"जावई हाय त्यो. त्यांच्याकडं सध्या अधिक मास चाललाय."

मी हसलो. मलाही ते खरंच वाटत होतं. अपघात म्हणून आधी लिहिणाऱ्यांवर कोण विश्वास ठेवील? मोजणीदार मात्र टायरवरून म्हणाले, "गादी किती जाड होती?"

सगळे त्यांच्याकडं वळले. "तुमी पोलिसांच्या बाजूचं का काय?"

"मी गादीची जाडी विचारली. कुणी बघितली?"

कुणीच बघितली नव्हती. लोक पांगले ते त्यांच्यावर चिडूनच. मग ते मला हळूच म्हणाले, "धडक लिहिलं ते मात्र खोटं. मी जाऊन आलो. तिथं टायर घासल्याची खूण एक इंचसुद्धा नाही." हा माणूस सत्तरी ओलांडलेला, दोन एसटी बदलून खोऱ्यात गेला होता, जागा मोजली होती आणि मोठ्या साहेबांना तसा अर्ज टाकला होता. अर्जाला उत्तर आलं नाही. त्यांनी त्याचंही दुःख केलं नाही. किती दिवस उत्तर आलं नाही तेवढं वहीत मांडत राहिले.

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं आणि मासे धरणाऱ्यांना गाळात जीपचं टप दिसलं. ठाण्यात नवीन फौजदार आले होते, तरुण, नगरकडचे. त्यांचा मला फोन आला तेव्हा मोजणीदार यार्डात अर्धा कप पीत होते.

"मी येतो," ते म्हणाले. "यंदा पाणी किती उतरलंय ते बघायचंय."

मी त्यांना क्रेनमध्ये बसवलं. ही माझी पहिली चूक.

काठावर वीस-पंचवीस माणसं होती. फौजदारांनी पंच व्हायला विचारलं तशी ती मागं सरकली. प्लॉटिंगवाल्याची दोन माणसं मोटारसायकलवर बसून कोण पुढं येतो ते बघत होती. फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. माझं ठरलेलंच होतं. दुसरा कोण?

"मी आहे," मोजणीदार म्हणाले.

हवालदारांनी कपाळाला हात लावला. "साहेब, दुसरा बघू."

"दुसरा कोण आहे इथं?" फौजदार म्हणाले, आणि ते खरंच होतं.

इथून पुढचं मी चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही दोर लावत होतो तेवढ्यात मला दुसरा फोन आला. नसरापूरजवळ हायवेवर कंटेनर आडवा झाला होता, माझी दुसरी क्रेन बंद होती. मी फौजदारांना म्हणालो, "साहेब, माझ्या सह्या आधी घेऊन टाका. जीप वर आली की मी निघणार."

"थांबा ना अर्धा तास," ते म्हणाले. "हा साधा अपघात नाही."

"अर्ध्या तासात तिकडं दुसऱ्याची क्रेन लागते. सही पाहिजे का नको?"

मी आवाज चढवला होता. फौजदार पाण्याकडं बघू लागले. हवालदारांनी सवयीनं चार कोरे कागद आणि दोन लेबलं पुढं केली. मी गुडघ्यावर कागद ठेवून सह्या केल्या. मोजणीदार चार हातांवर उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं.

मग जीप वर आली. दारातून गाळ ओतला. मागच्या सीटखाली प्लॉटिंगच्या साईटवरचं पोतं होतं, त्यात गुंडाळलेली पहार. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिथं कुणी काही आणून ठेवलं नाही, कुणी काही काढून घेतलं नाही. फौजदार पोत्याची एकेक घडी बोटांच्या टोकांनी उलगडत होते, इतका तो माणूस सांभाळून काम करत होता. मी ते पाहिलं आणि क्रेन घेऊन हायवेला निघून गेलो.

मागचं हवालदारांकडून कळलं. मोजणीदारांनी पहार मोजली, तीन फूट अकरा इंच. जीप पाण्याच्या कडेपासून किती, सडकेपासून किती, सगळं मोजून लिहायला लावलं, दोनदा वाचून घेतलं आणि सही केली. सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "पंच क्रमांक एक यांच्या सह्या मजकूर लिहिण्यापूर्वी झाल्या आहेत."

"आजोबा, हे कशाला?" फौजदार म्हणाले.

"झालं ते लिहिलं."

"मी दुसरा कागद करतो."

"करा. त्याच्यावर पण लिहीन."

माझ्या सहीचे कागद भरून संपले होते, दुसऱ्या कागदावर माझी सही लागली असती आणि मी हायवेवर होतो. ऊन कलत होतं, काठावर प्लॉटिंगवाल्याची माणसं वाढत होती. तोच कागद राहिला.

पुढं आरोपपत्राच्या नकला निघाल्या, त्यातलं ते पान कुणीतरी मोबाईलवर फिरवलं, आणि महिन्याभरात तालुक्यातल्या प्रत्येकाला ती ओळ पाठ झाली. लोकांनी अर्थ लावला तो असा: पोलिसांनी मुद्दाम कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, म्हणजे कोर्टात केस पडावी. फौजदार विकला गेला. क्रेनवाला विकला गेला. आणि म्हाताऱ्यानं ती ओळ लिहिली, म्हणजे तोही. फौजदारांची चौकशी लागली, मग लांब बदली झाली. गावानं म्हटलं, बघा, बक्षीस मिळालं.

मला लोक विचारायचे, सही आधी कशी केली? मी म्हणायचो, "पोलिसच ते. म्हणाले कर, केली."

लगेच पटायचं. पोलिसांबद्दल वाईट सांगितलं की पुरावा कुणी मागत नाही. त्या एका वाक्यानं मी निम्मा सुटलो आणि फौजदार पुरता अडकला. मला हे कळत होतं. मी तेच सांगत राहिलो.

मोजणीदारांना असलं काही सुचलं नाही. चौकातल्या हॉटेलात एक जण त्यांना तोंडावर म्हणाला, "मोजणीदार, ती ओळ केवढ्याला पडली?"

"केवढ्याला ते माहीत नाही. साडेसहा इंच आहे."

सगळं हॉटेल हसलं. ते हसले नाहीत. त्यांना प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं वाटत होतं.

पण त्यांना भीती बसली होती. हे मला त्यांच्या घरी गेलो तेव्हा दिसलं. बरेच बाजार ते यार्डात आले नव्हते. मी भांडायलाच गेलो होतो. दार उघडायला वेळ लागला. आत खिडक्या बंद, भर सकाळी दिवा चालू. वही उघडी होती. त्यात दारावरून जाणाऱ्या मोटारसायकलींच्या वेळा लिहिल्या होत्या, एकच नंबर पुन्हा पुन्हा.

"ही कुणाची गाडी?" मी विचारलं.

"माहीत नाही. दिवसातून चारदा जाते. परवा पाचदा गेली." मग म्हणाले, "शेजारचं दार तीस पावलांवर आहे. हाक पोचते. मी एकदा मारून बघितली."

"आले का शेजारी?"

"नाही. पण ऐकू गेली होती. खिडकी हलली."

माझा राग थोडा उतरला, पण मी ज्यासाठी आलो होतो ते बोललोच. "ती ओळ चुकून लिहिली असं लिहून द्या. म्हातारपण आहे, माणूस चुकतो. कोणी काही म्हणणार नाही."

"कागद आता सरकारचा आहे."

"तुमच्यामुळं तो हरामखोर सुटला तर? त्या बापाला काय सांगाल?"

 ते टेपचं तोंड बाहेर ओढत, सोडत राहिले. "पहार मी खरी मोजली," ते म्हणाले. "पोतं खरं लिहिलं. कुणी उद्या विचारलं, यात खोटं काय आहे, तर मला सांगता आलं पाहिजे, काही नाही. एक खोटं ठेवलं की मग कशाकशाबद्दल शपथ घेऊ?"

मग मी ते विचारलं, ज्यानं माझी झोप उडाली होती. "सही मी माझ्या घाईनं केली. साहेबांनी थांब म्हटलं होतं. ते तुम्ही ऐकलंत. मग ते का नाही लिहिलंत? लोकांना का नाही सांगितलंत?"

"सही मला दिसली," ते म्हणाले. "घाई मोजायला माझ्याकडं काही नव्हतं. आणि ते तुम्हीच सांगायचं आहे. मी सांगितलं तर ते तुमचं सांगणं कसं होईल?"

मी उठलो. दारातून शिवी हासडली आणि आलो. पाठीमागं त्यांनी दोन कड्या लावल्याचा आवाज आला. पुन्हा भेटलो नाही. पावसाळ्यात न्युमोनियानं गेले. अंत्ययात्रेला अकरा माणसं होती, मला धरून. त्या मोटारसायकलीचा मालक कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित कुणी दूधवाला असेल.

गेल्या महिन्यात पुण्याच्या कोर्टात माझी साक्ष निघाली. जीपच्या पंचनाम्याचे दोन पंच, त्यातला एकच जिवंत. सरकारी वकीलबाई हुशार होत्या. साक्षीआधी मला म्हणाल्या, "ते गृहस्थ कसे होते? लोक म्हणतात जरा भ्रमिष्ट होते."

"चक्रम होते," मी म्हणालो.

"मग मी स्वभाव विचारला तर जे वाटतं ते सांगा."

बाहेर बाकावर मुलाचे वडील बसले होते. प्रत्येक तारखेला ते येतात, धुतलेला सदरा, टोपी, हातात भाकरीचं फडकं. त्यांनी वकीलबाईंचं बोलणं ऐकलं असावं. मला म्हणाले, "सांगा की तेवढं. म्हातारा गेलाय. त्येचं काय जातंय आता?"

खरंच, काय जात होतं? मी मनात सौदा मांडून बघितला. म्हातारा वेडा ठरला की ओळ वेड्याची. माझी सही स्वच्छ, माझं नाव स्वच्छ, पोलिसांचे फोन चालू. प्लॉटिंगवाला आत. सगळ्यांचा फायदा, आणि तोटा फक्त मेलेल्याचा. इतका सोपा सौदा माझ्यासमोर कधी आला नव्हता.

पिंजऱ्यात उभा राहिलो. वकीलबाईंनी पंचनामा वाचायला घेतला. पाण्याच्या कडेपासून जीप इतके फूट. सडकेपासून इतके. पहार तीन फूट अकरा इंच. पोत्यावरची अक्षरं इतक्या उंचीची. त्या कागदात माझं काहीच नव्हतं. जे काही उभं होतं ते त्या म्हाताऱ्याच्या टेपावर उभं होतं, आणि समोर आरोपीचा वकील पेन उघडून वाट बघत होता. मी म्हाताऱ्याला वेडा म्हटलं असतं, तर त्या वकिलानं दुसऱ्या मिनिटाला विचारलं असतं, मग ही मापंही वेड्याचीच ना? माणूस निम्मा शहाणा घेता येत नाही.

"दुसऱ्या पंचांचा स्वभाव कसा होता?" वकीलबाईंनी विचारलं.

"चक्रम," मी म्हणालो. "पण मोजलेलं कधी चुकलं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मग मी सगळं सांगितलं. सही मी आधी केली, मीच घाई केली, फौजदारांनी थांबायला सांगितलं होतं, मी आवाज चढवला. जीप माझ्या क्रेननं वर आली, पहार माझ्यासमोर निघाली. दोन्ही खरं आहे.

आरोपीच्या वकिलानं आवाज अगदी गोड ठेवला. "म्हणजे तुम्ही न वाचता सही करता?"

"हो."

"नेहमीच?"

"नेहमीच."

"किती पंचनाम्यांवर अशा सह्या केल्या असतील?"

"लक्षात नाही."

"आणि आज शपथेवर जे सांगताय, ते तरी वाचून सही करणार आहात का?"

कोर्टात काही जण हसले. माझी कानशिलं तापली. तोंडात आलेलं गिळलं आणि म्हणालो, "हो. वाचून." साक्ष लिहून झाली तेव्हा मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. आठवी पास माणसाला वेळ लागतो. कारकून दोनदा म्हणाला, लवकर करा.

बाहेर आलो. जिन्यापाशी ते फौजदार उभे होते, त्यांचीही साक्ष होती. वजन वाढलं होतं, केस गेले होते. माझ्याकडं एकदा बघून त्यांनी मान वळवली. चार वर्षं मी त्यांच्या नावावर जे खपवलं, त्यानंतर त्यांनी काय बोलावं, हे मलाही सुचत नव्हतं. टपरीवर आमच्याच बाजूची तीन-चार माणसं चहा पीत होती. त्यातला एक आवाज न दाबता म्हणाला, "फुटला. ऐन टायमाला फुटला."

पूर्वीचा मी असतो तर कप त्याच्या तोंडावर मारला असता.

मुलाचे वडील गेटपाशी होते. "पहार बघितली म्हणालासा, ते लिवून घेतलं न्हवं त्यांनी?"

"घेतलं."

"आन कोऱ्या कागदाचंबी?"

"तेपण घेतलं."

"मग आता त्यातलं कोणचं धरत्यात?"

"जज ठरवतील."

त्यांनी मान हलवली. चार वर्षांत त्यांनी हे उत्तर इतक्या जणांकडून ऐकलं असेल की त्यात नवीन काही नव्हतं. उन्हात त्यांची सावली आखूड पडली होती.

"चला, गाडी आहे," मी म्हणालो. "गावापर्यंत सोडतो."

"नगं. स्वारगेटवरनं यस्टी हाय."

"यस्टीनं संध्याकाळ होईल. बसा की. भांडायचं असलं तर गाडीत भांडा."

"भांडायचं न्हाई वो. तुमच्यावर राग न्हाई माजा. झालं ते सांगितलंसा." त्यांनी फडकं या हातातून त्या हातात घेतलं आणि टपरीकडं एकदा बघितलं. "पर तुमच्या गाडीतनं गावात उतारलो, तर उद्या म्हणतील, बापबी मॅनेज झाला."

ते रस्त्याच्या कडेनं चालू लागले. मी गाडीचं दार धरून उभा होतो. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तेव्हा ते लावलं.